संपतची वाघूर

न्हावरे
६ ऑक्टोबर २००४

नीलमवहिनींना जयसिंगचा नमस्कार.

तुम्ही मला पाहिलेलं नसेल. पाहिलं असलंच तर संपतच्या दहाव्याला नदीवरच्या गर्दीत, आणि त्या दिवसातलं कुणाचं तोंड तुम्हाला आठवत असेल असं वाटत नाही. संपत आणि मी दौंडला एकाच संस्थेत कॉम्प्युटर शिकलो. तो मार्चमध्ये गेला, जूनपासून इथं दूध संघाच्या ऑफिसात त्याच्या खुर्चीवर मी बसतो. खुर्ची एका अंगाला कललेली आहे, पाठ धरते. पण दुसरी मागायचा धीर होत नाही.

कामाचं लिहितो. ऑफिसच्या कोपऱ्यात फळीवर संपतनं जुळवलेला एक जुना कॉम्प्युटर आहे, फायरवॉलचा. तुम्हाला तो माहीत आहे, तुम्ही सहा महिने इथं येऊन दुधाचे आकडे भरत होतात असं सगळे सांगतात. बाहेरची इंटरनेटची लाइन आधी त्याच्याकडं येते. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दारातनंच परत लावायचं हे तो ठरवतो, मग पुढं आमच्या मशिनी. संपतनं त्यावर पट्टी चिकटवून ‘वाघूर’ असं लिहून ठेवलंय. मी रेल्वे क्वार्टरात वाढलेला माणूस, मला काही उमजेना. वाघूर म्हणजे मेंढ्या रात्री कोंडायची जाळी, हे आमच्या शिपाई ताईबाईंनी सांगितलं.

रविवारी दिवसभर लाइट नव्हती. सोमवारी वाघूर सुरू केली तर उठेना. एरवी ती सुरू होताना पडद्यावर चार अक्षरं लिहिते आणि पुढं जाते. आता दोन लिहिते आणि थांबते. बंद करून चालू केली की पुन्हा दोनच. एखाद्यानं अर्धा शब्द बोलून आपल्या तोंडाकडं बघत राहावं, तसं होतं.

मग मी शहाणपणा केला. तिला बाजूला काढून बाहेरची लाइन सरळ आमच्या मशिनींना जोडली. दुपारी कॅशियरच्या पडद्यावर चौकट आली, की हे मशीन एका मिनिटात बंद होईल. उलटे आकडे पडत गेले आणि मशीन मिटलं. मग शेजारचं, मग साहेबांचं. कुणी हात लावलेला नव्हता. बाहेरून मशिनींचा रोग शिरलाय हे मला कळतं. पण ओळीनं सगळे पडदे आपोआप काळे होताना पाहिले तेव्हा मीही खुर्ची मागं सरकवली. ताईबाई तर त्या खोलीत आता झाडू मारायला येत नाहीत.

संपतनं घरी एखादी फ्लॉपी ठेवली आहे का? आणि पासवर्ड तुम्हाला ठाऊक आहे का? दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तुमच्या सासऱ्यांनी, आबांनी उचलला आणि मला काही नीट बोलता आलं नाही. म्हणून ही चिठ्ठी दुधाच्या टँकरबरोबर देतोय.

आपला,
जयसिंग


खुटबाव
९ ऑक्टोबर २००४

जयसिंगभाऊंना नमस्कार.

ड्रायव्हरमामांनी चिठ्ठी गोठ्याकडं आणून दिली हे बरं केलं. पुढंही तिकडंच द्यायला सांगा. फोन सोप्यात आहे आणि सोप्यात आबा असतात.

आधी ती सरळ जोडलेली लाइन उपटा. वाघूर उठेपर्यंत बाहेरचं काही नको. दोन दिवस मेल आली नाही म्हणून दूध नासत नाही.

फ्लॉपी पाठवते आहे. त्याच्या पेटीत शर्टांच्या खाली होती. वाघुरीचे सगळे नियम तिच्यावर आहेत, असं तो म्हणायचा. पासवर्ड म्हणजे माझंच नाव, माहेरच्या आडनावासकट. ऑफिसात कुणाला सांगू नका, हसतील.

मी तिथं येत होते तेव्हाही एकदा ती अशीच दोन अक्षरांवर थांबली होती. नंतर उठली. त्यानं काय केलं ते मला दिसलं नाही, मला चहा सांगायला बाहेर पाठवलं होतं. मी परत आले तेव्हा तो तिच्याजवळ तोंड नेऊन बसला होता आणि सगळं चालू होतं. मी विचारलं तर म्हणाला, समजूत घातली.

आता माझं एक काम. माझा भाऊ हडपसरला एका कंपनीत स्टोअरला आहे. तिथं ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायला माणूस हवंय. जानेवारीतही मी तिथं अर्ज केला होता, संघाच्याच मेलवरून, पण उत्तर आलं नाही. या वेळी भावानं तिथल्या साहेबांशी बोलून ठेवलंय. मी तुमच्याकडं काम केलंय एवढं संघानं कळवलं की झालं. दिवाळीला भावाकडं जायचं आणि तिथंच राहायचं, असं मनात आहे. घरी अजून बोललेले नाही. मी सव्वीस वर्षांची आहे, मला या घरात कुणी वाईट वागवत नाही, पण इथं माझा दिवस उजाडतो आणि मावळतो, मधे काही होत नाही. तेव्हा हे तुमच्यापाशीच राहू द्या.

नीलम


न्हावरे
१५ ऑक्टोबर २००४

नीलमवहिनींना नमस्कार.

वाघूर उठली. कशी उठली ते सांगतो, ऐकून हसाल.

तुमची फ्लॉपी घातली, पण मशीन तिच्यापर्यंत पोचेचना, त्याआधीच दोन अक्षरांवर थांबायचं. मी पाच-सहा दिवस सगळे उपाय केले. इकडं ऑफिसात वेगळंच सुरू झालं. पितृपंधरवडा चालू होता, त्यात हे. कॅशियरनं सहज म्हणावं तसं म्हटलं, की संपतच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. ऊन चढेपर्यंत सगळे नदीवर थांबले होते आणि शेवटी दर्भाचा कावळा करून उरकावं लागलं. मी तिथं होतो, मला आठवतं. तेव्हापासून जो तो वाघुरीकडं त्याच नजरेनं बघायला लागला. इच्छा राहिलीय, बोलायला जातो आणि अडतो, असं.

मग घाटावर करतात तसंच फळीपुढं सुरू झालं. ताईबाईंनी हात जोडून सांगितलं, तुझ्या आईला दवाखान्यात मी घेऊन जाईन. कॅशियर म्हणाले, तुझा फोटो लावू. आमचे मॅनेजर हौसराव साहेब बीएस्सी आहेत, तेही बूट काढून उभे राहिले आणि म्हणाले, तुझ्या थकलेल्या रजेचे पैसे घरच्यांना मिळवून देतो. प्रत्येकाचं बोलून झालं की मी बटण दाबायचो. दोन अक्षरं. सगळे माझ्याकडं बघायचे, जणू मीच भटजी.

काल अमावास्या. साहेबांनी आबांना आणायला जीप पाठवली आणि स्वतःही गेले. आबा आले, डोक्याला पटका, कनवटीला भंडारा. वाघुरीवर मूठभर भंडारा उधळला, अगदी पंख्याच्या जाळीतून आत गेला. मग म्हणाले, “संपा, तुजी बायकू हितंच ऱ्हाईल. तिला आमी कुटं जाऊ देनार न्हाई. आता मोकळा हो बाबा.”

मी बटण दाबलं होतं. दोन अक्षरं आली, नेहमीसारखी थांबली. मग तिसरं आलं, मग चौथं. मग ओळींवर ओळी, आणि वाघूर उभी राहिली.

ताईबाई रडल्या. मी माझ्याच हातावरचे काटे बघत होतो, खोटं कशाला सांगू. पण एक मनात आलं, की सुनेसाठी चारचौघांत एवढं बोलणारा सासरा कुणाला मिळतो. तुम्हाला ऐकून बरं वाटेल म्हणून सगळं सविस्तर लिहिलं.

तुमच्या कामाचंही साहेबांच्या कानावर घातलं आहे. हडपसरला आजच मेल करतो.

जयसिंग


खुटबाव
१९ ऑक्टोबर २००४

जयसिंगभाऊ,

मी हसले नाही.

आबा त्या दिवशी घरी आले ते कपाळ पिवळं करून, आणि उंबऱ्यातच बसले. सगळं सांगितलं. ऐकायला निम्मी आळी जमली होती. तेव्हापासून बायका मला बघायला येतात. नवी नवरी बघायला येतात तशा येतात, पदर तोंडाला लावतात आणि जातात. एकीनं माझा हात धरून सांगितलं, भाग्यवान हायेस, मेल्यावरबी सोडंना.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आता दाराला पाठ लावून झोपतात. त्या मनानं वाईट नाहीत. पोराला एवढं तरी मिळालं, असं त्यांना वाटतं. रविवारी माझा भाऊ न्यायला आला होता. त्याला चहा दिला, टोपी दिली आणि परत पाठवला. आबा म्हणाले, “पावनं, रागावू नगा. ती गेली तर त्यो पुन्ना अडंल. मी शबुद दिलाय.” भावानं मान हलवली. त्यालाही भीती वाटली, मी त्याच्या तोंडावर पाहिली.

आबांना हडपसरचं कसं कळलं, ते मी तुम्हाला विचारत नाही.

तुम्ही संपतचे मित्र, म्हणून तुम्हाला लिहिते. तो मारणारा नव्हता, दारू प्यायचा नाही, मला मशीनवर बसायला त्यानंच शिकवलं. पण मी कुठं निघाले की त्याच्या पोटात दुखायचं, खरोखरचं दुखायचं, आडवा पडायचा. माहेरी जायचं ठरलं की ताप. वाघूर बसवली तेव्हा मला समजावून सांगत होता, की बाहेरच्याला आत न येऊ देणं सोपं असतं, खरं कसब आतल्याला बाहेर जाऊ न देण्यात आहे. आणि फार खूश होऊन सांगत होता. मला तेव्हा कौतुक वाटलं.

आता मला भीती वाटते. तो त्या पेटीत आहे असं मी मानत नाही. पण सकाळी आत्याबाईंना ओलांडून बाहेर जावं लागतं तेव्हा मानत नाही हेही म्हणवत नाही.

ती का उठली ते शोधा. काही ना काही कारण असेलच. सापडलं तर मी ते आबांपुढं ठेवीन. नाही सापडलं तर माझं सगळं आयुष्य त्या चार अक्षरांवर गेलं.

नीलम


न्हावरे
१ नोव्हेंबर २००४

नीलमवहिनींना नमस्कार.

तुमची चिठ्ठी वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. एवढंच लिहितो त्याबद्दल.

कारण सापडलं. मशीनच्या आत रुपयाएवढा चपटा सेल असतो. लाइट नसताना मशीनच्या बारीकसारीक गोष्टी त्याच्या जोरावर लक्षात राहतात. तो मेला होता. लाइट बराच वेळ गेली की वाघूर आपली डिस्क किती मोठी, कशी, हेच विसरायची आणि दोन अक्षरांपुढं तिला वाट सापडायची नाही. अमावास्येला जीप येईपर्यंत मी डिस्कचे आकडे तिच्यात हातानं भरले होते. लागू पडेल अशी आशा नव्हती म्हणून बोललो नाही. नंतर आबांचं बोलणं आणि मशीनचं उठणं एकदम झालं आणि मी गप्प बसलो. सगळे रडत असताना सेलाचं काय सांगायचं, असं वाटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं.

शिरूरला घड्याळवाल्याकडून नवा सेल आणला, बसवला. भंडारा पुसून काढला, निघेल तेवढा. शनिवारी वायरच काढून ठेवली, आज सकाळी लावली. एका दमात उठली. मी हे हौसराव साहेबांना समजावून सांगितलं, जुना सेल टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “सेल बदलला, चांगलं केलं. पण दिलेला शब्द कशाला बदलायचा? दोन्ही राहू द्या.” बीएस्सी माणूस.

आता दुसरं. हे लिहू की नको असं झालं होतं.

हडपसरला मी मेल केली होती. उत्तर येईना म्हणून फोन लावला. ते म्हणाले, आम्ही दोनदा उत्तर दिलं, तुमच्याकडून परत आलं. मग मी वाघुरीचे नियम उघडले. त्यात एक नियम असा आहे की त्या कंपनीकडून येणारं काहीही आत घ्यायचं नाही. बाकी सगळे नियम रोगांचे, वाईट जागांचे. एका कंपनीचं नाव घालून केलेला तेवढा एकच. जानेवारीत घातलेला आहे. संपतच्या हातून चुकून पडला असेल असं मी आधी धरून चाललो.

तो काढला. मशीन बंद करून चालू केलं तर नियम परत जागेवर. पुन्हा काढला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा काढला तेव्हा ऑफिसात मी एकटाच होतो, आणि वहिनी, मी पुन्हा तपासलंच नाही. दिवा लावून घरी निघून आलो.

तुमचं काम झालं आहे. कंपनीनं फोनवर माझ्याकडून खात्री करून घेतली. दिवाळी झाली की हजर व्हा म्हणतात.

जयसिंग


खुटबाव
६ नोव्हेंबर २००४

जयसिंगभाऊ,

चुकून पडलेला नाही.

जानेवारीत मी रोज विचारायचे, आलं का उत्तर. तो जेवताना मान हलवायचा. महिनाभरानं मी विचारणं सोडलं. मी समजले की मी कमी पडले, दुधाचे आकडे भरणारीला कोण विचारतंय. त्यानं माझी समजूतही घातली, डोक्यावरून हात फिरवला. मला त्या हाताची आठवण येते आणि अंगाला शहारे येतात. मला राग आलाय. मेलेल्या माणसावर रागवायची सोय नसते, पण आलाय.

नियम परत येतो त्यात काही नाही. मशीन सुरू होताना फ्लॉपीवरून सगळे नियम पुन्हा वाचून घेतं, मी पाठवलेल्या. तिच्यावरून खोडल्याशिवाय जाणार नाही. मीच माझ्या हातानं पाठवला म्हणायचा.

काल आबा बाजाराला गेले होते. मी आत्याबाईंना तुमची चिठ्ठी वाचून दाखवली, सेलाचं आणि नियमाचंही. सेलाचं त्यांना काही कळलं नाही. नियमाचं दोनदा वाचायला लावलं. मग त्या बराच वेळ शेंगा निवडत बसल्या. मग म्हणाल्या, “वाघरंत मेंढरं राती कोंडत्यात. उजाडल्यावर वाघर गुंडाळून घोड्यावर टाकायची आसती. त्यो रांगत हुता तवा मेंढरांचा वाडा फिरता हुता, त्यानं काय बघितलं न्हाई. त्याला कोन सांगनार.” आणि मला म्हणाल्या, “ते मशीन कुटं हाय? मला न्ये.”

मी म्हटलं, आबांनी शब्द दिलाय. त्या म्हणाल्या, “त्यांनी दिलाय. म्या कुटं दिलाय?”

मंगळवारी आम्ही टँकरमधून येतो. माझी बॅगही घेऊन येते. आत्याबाई म्हणतात तो ऐकेल. मला ऐकेल असं वाटत नाही, सेल नवा असला तरी. तुम्ही हसाल, पण काल रात्री पहिल्यांदा मी खरंच मानलं की तो तिथं आहे.

नीलम


न्हावरे
१० नोव्हेंबर २००४

नीलमवहिनींना, हडपसरच्या पत्त्यावर, नमस्कार.

पोचल्याचं भावानं फोनवर कळवलं. बरं वाटलं.

काल तुम्ही ऑफिसात दाराकडं तोंड करून उभ्या होतात. त्यामुळं तुमच्या पाठीमागं झालं ते तुम्हाला दिसलेलं नाही. ते तुमच्याकडं असायला हवं म्हणून लिहितो.

तुमच्या सासूबाईंनी, सारजाबाईंनी वाघुरीला हात लावला. वरून, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. म्हणाल्या, “संपा, आबानं दिल्याला शबुद म्या माघारी घेतीया. पोरगी चाललीया. तिला वाट दे.” मला खूण केली. मी बटण दाबलं. सकाळीच मी ते दोनदा सुरू करून पाहिलं होतं, दोन्ही वेळा बिनबोभाट उठलं होतं. सेल नवा, लाइट होती. तरी दोन अक्षरं आली आणि थांबली.

आम्ही वाट पाहिली. पंखा फिरत होता, बाकी काही नाही. हौसराव साहेब हळूच म्हणाले, “बघा, नाही म्हणतोय.” त्या वेळी तुमची पाठ ताठ झाली, ते मी पाहिलं. तुम्ही मागं वळाल असं मला वाटलं होतं. वळला असतात तर मी तुम्हाला दोष दिला नसता.

सारजाबाईंनी डोळे पुसले नाहीत, काही नाही. पडद्याकडं बघत म्हणाल्या, “म्हनू द्या. ल्हानपनीबी त्यो न्हाईच म्हनायचा.” आणि तुम्हाला हाक मारली, “चल गं, गाडी चुकंल.” पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तळेगाववरून हडपसरला जाणाऱ्या गाडीत तुम्हाला बसवून, सारजाबाईंना टँकरपाशी सोडून मी परत आलो. खोलीत कुणी नव्हतं. साहेब जेवायला गेले होते, ताईबाई तर तिकडं फिरकतच नाहीत. पडद्यावर चारही अक्षरं होती. त्याखाली सगळ्या ओळी. वाघूर उठून उभी होती आणि पासवर्ड मागत होती.

मधे लाइट जाऊन आली असेल. भंडारा आत कुठं तरी अडकून बसला असेल आणि सुटला असेल. मी कारणं शोधू शकतो, माझं कामच ते आहे. पण वहिनी, पासवर्ड म्हणजे तुमचं नाव. ती कालपासून ते मागत उभी आहे आणि मी अजून टाकलेलं नाही. बोट उचलतो आणि ठेवतो. काय करू, सांगा.

आणखी एक. आबा फार चिडले आहेत असं ड्रायव्हरमामा सांगतात, सारजाबाईंशी बोलत नाहीत. त्यांना सांगू का, की तुम्ही गेल्यावर तो उठला? कावळा शिवला म्हणतात तसं होईल. संपतनं मोकळं केलं, सगळं मनासारखं झालं, असं सगळेच म्हणतील. खरं तर मलाही तसंच म्हणावंसं वाटतं.

जयसिंग


हडपसर
१८ नोव्हेंबर २००४

जयसिंगभाऊंना नमस्कार.

सोमवारी भाऊबीज झाली, मंगळवारी हजर झाले. खुर्ची सरळ आहे.

माझं नाव तिथं टाकू नका. फ्लॉपी मोडून टाका. डिस्क पूर्ण पुसा आणि पहिल्यापासून सगळं नव्यानं बसवा, नियमही नव्यानं लिहा, एक दिवस लागेल. पासवर्ड तुमचा ठेवा. पट्टी खरवडून काढली तरी चालेल.

आबांना खुशाल सांगा की तो उठला. आत्याबाईंना त्याच घरात राहायचं आहे, आबा त्यांच्याशी बोलायला लागले तर माझ्या जिवाला स्वस्थता वाटेल. लोक म्हणतील ते म्हणू द्या, मी इथून कुणाला खोटं पाडायला येणार नाही.

पण मला तसं पुन्हा लिहू नका. नंतर काय झालं ते त्याचं त्याला ठाऊक. मी पाठमोरी होते तरी साहेबांचं बोलणं मी ऐकलं होतं. मी दारातून बाहेर पाऊल टाकलं, गाडीत चढले, तिकीट काढलं, तेव्हा त्यानं मला सोडलेलं नव्हतं. तरी मी गेले. तेवढं माझं आहे, ते त्याला देऊ नका.

नीलम